भोक नसलेली गिटार

ती. ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (अंग रागाने इतकं ताठलं आहे की आठही अंगं जमिनीला टेकणं शक्य नाही. उभ्या उभ्याच केला आहे, गोड मानून घे.) तुझी तब्येत कशी आहे? गुडघा काय म्हणतो? जिन्यातला दिवा बदलून घेतलास, की अजून अंधारात पायऱ्या मोजत उतरतेस? आमच्याकडे सगळे खुशाल आहेत, म्हणजे मी सोडून. तुझी भावजय मजेत आहे. माझ्या रागाची तिला इतकी सवय झाली आहे की ती खिडकीतून ढग बघावेत तशी माझ्याकडे बघते आणि कपडे वाळत घालायचे की नाही ते ठरवते.

तुझं पत्र शुक्रवारी मिळालं. ते पत्र म्हणायचं की नोटीस, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. 'यंदा सुट्टीत येत नाही. यापुढेही माझी वाट पाहू नका. मला ऐकू येत नाही, माझ्याशी बोलताना सगळ्यांना ओरडावं लागतं, आणि ओरडून दमलेली तोंडं बघायला मी एवढा प्रवास करणार नाही.' पुढे कानाच्या डॉक्टरांबद्दल दोन ओळी. त्यांनी तो दोन पायांचा चिमटा वाजवून कानापाशी धरला तर काहीच कळलं नाही, आणि कानामागच्या हाडाला टेकवला तर स्वच्छ ऐकू आलं, म्हणून ते म्हणाले की दार बंद झालंय पण आतलं घर शाबूत आहे. आणि त्यावर तुझा शेरा: 'मग मी काय जन्मभर चिमटा टेकवून बसू?' खाली सही. आशीर्वाद नाही, भावजयीची चौकशी नाही, काही नाही. याचं उत्तर मी फोनवर ओरडून देणार होतो, पण तू फोनची वायरच काढून ठेवली आहेस असं तुझ्या शेजारणीने कळवलं. धन्य आहे! बत्तीस वर्षं टेलिफोन एक्सचेंजमध्ये बसून जगाच्या वायरी जोडून दिल्यास, आणि स्वतःची काढून ठेवलीस.

असो. तुझ्या नोटिशीचं उत्तर मी सवडीने देणार आहे. आधी माझ्यावर झालेला अन्याय ऐक. (वाच. 'ऐक' हे सवयीने लिहिलं गेलं. खोडणार नाही.)

त्याचं असं झालं की तुझं पत्र वाचून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. चिडलेला माणूस ओरडतो. पण ज्याच्यावर ओरडायचं त्यालाच ऐकू येत नसेल तर त्या माणसाने जायचं कुठे? शुक्रवारची उरलेली दुपार मी कामावर काढली. एका सात मजली इमारतीची लिफ्ट चौथ्या मजल्यावर आली की उचकी देत होती. गच्चीवरच्या मशीन रूममध्ये जाऊन मी आपला नेहमीचा स्क्रूड्रायव्हर काढला, तो लांब, पिवळ्या मुठीचा. टोक मोटरच्या अंगावर, मूठ कानाच्या हाडावर, डोळे बंद. (लिफ्टचं काम शिकवणाऱ्या उस्तादांनी मला पहिल्या आठवड्यात शिकवलेली ही गोष्ट. मोटर बाहेरून नुसती गुरगुरते, पण स्क्रूड्रायव्हर टेकवला की आतलं एकेक बेअरिंग आपली तक्रार वेगळी सांगतं. एकतीस वर्षं माझं पोट यावर चाललं आहे.) तक्रार ऐकली, बेअरिंग बदललं, उचकी गेली. राग मात्र गेला नाही. शनिवारी घरातल्या सगळ्या बिजागऱ्यांना तेल घातलं. तरी नाही. शेवटी रविवारी सकाळी स्टुलावर चढून कपाटावरची गिटार खाली काढली.

हो, तीच. लाल रंगाची, दोन शिंगांची, इलेक्ट्रिक. ती घरात कशी आली हे तुला पुन्हा सांगायची गरज नाही, पण या खटल्यात ती मुख्य आरोपी असल्यामुळे तिचा पूर्वेतिहास लिहून ठेवणं मला भाग आहे. एका मोडलेल्या वाद्यवृंदातल्या माणसाने ती मला दिली, आणि तिला आवाज देणारा अँप्लिफायर त्याचा मेव्हणा घेऊन गेला. म्हणजे मला घोडा मिळाला आणि पाय मेव्हण्याकडे राहिले. विजेशिवाय या गिटारचा आवाज डासाइतका. भरीव लाकूड, पोटच नाही, आवाज घुमणार कुठे? पण आपल्या घरात तेच पथ्यावर पडलं. बाबांची रात्रपाळी, दिवसभर ते झोपलेले, चमचा पडला तरी चौकशी बसायची. त्या घरात वाजवता येईल असं जगात एकच वाद्य होतं आणि ते माझ्याकडे होतं. मी भिंतीला टेकून वाजवायचो आणि मलासुद्धा नीट ऐकू यायचं नाही. मग तू ड्यूटीवरून यायचीस, चप्पल काढायच्या आधी डायल टोनचा सूर गुणगुणायचीस (दिवसभर तोच कानात, तो डोक्यातून जायचाच नाही), मी त्या सुरावर तारा लावून घ्यायचो, आणि मग तू जमिनीवर बसून गिटारच्या लाल लाकडावर कान टेकवायचीस. माझी सारी कारकीर्द एका श्रोत्यापुढे झाली. मी बांधलेली ती एकुलती एक धून आठवते ना? पहिला अर्धा भाग माझा, आणि दुसरा अर्धा तू कान न उचलता गुणगुणून दाखवलेला.

तर रविवारी ती गिटार काखेत मारून मी निघालो. आमच्या रस्त्याच्या टोकाला एक पुस्तकांचं दुकान आहे. त्याच्या वरच्या मजल्यावर दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी दुपारी चार वाजता 'ओपन माइक' नावाचा प्रकार असतो. म्हणजे एक माइक उघड्यावर ठेवलेला असतो आणि ज्याला जे येतं (किंवा येत नाही) ते त्याने तिथे येऊन करावं, सात मिनिटांत. कुणाला परवानगी विचारायची नाही, कुणी परीक्षक नाही. एवढी उदार व्यवस्था मी आयुष्यात पाहिली नव्हती, आणि त्या दिवशीही पाहायला मिळाली नाही. जिन्याच्या तोंडाशी पुठ्ठ्यावर सुरेख अक्षरात लिहिलं होतं: 'फक्त अकूस्टिक. इलेक्ट्रिक वाद्ये आणू नयेत.' अकूस्टिक म्हणजे विजेशिवाय, आपल्या अंगच्या जोरावर वाजणारं. मी पाटी वाचली, मान डोलावली आणि वर गेलो. कारण माझ्याकडे वीजही नव्हती, अँप्लिफायरही नव्हता, वायरसुद्धा नव्हती. अंगच्या जोरावर वाजणारं याहून गरीब वाद्य त्या इमारतीत शोधून सापडलं नसतं.

वर टेबलापाशी यादी घेऊन संयोजक बसले होते. हे गृहस्थ पेशाने दातांचे डॉक्टर. मी त्यांना ओळखतो, कारण त्यांचा दवाखाना ज्या इमारतीत आहे तिची लिफ्ट माझ्याकडे आहे. (ते मला ओळखत नाहीत. लिफ्ट चालू असताना लिफ्टवाल्याला कोण ओळखतं?) त्यांनी माझ्या गिटारकडे दाढ किडलेली असावी तसं पाहिलं आणि विचारलं, "भोक कुठंय?"

ताई, मी चाळिशी सारखी केली. मला वाटलं माझ्याच ऐकण्यात काही चूक झाली. पण नाही. त्यांचा शास्त्रीय निकष असा होता की गिटारच्या पोटाला भोक असलं तर ती अकूस्टिक आणि नसलं तर इलेक्ट्रिक. मी नम्रपणे (तुझी शपथ, सुरुवात मी नम्रपणेच केली) सांगितलं की डॉक्टर, हिला वायर जोडलेलीच नाही, ही कुणाचं काय बिघडवणार? ते म्हणाले नियम तो नियम. मी म्हटलं, नियम विजेचा आहे, वीज दाखवा. ते म्हणाले जात इलेक्ट्रिक आहे. जात! दिवसभर लोकांच्या तोंडात विजेवर गरगरणारं यंत्र घालून त्यांचे पाय थरथरवणारा हा माणूस मला विजेच्या गोंगाटावर व्याख्यान देत होता. मागे रांग लागली, तेव्हा दुकानाच्या मालकीणबाई मध्ये पडल्या आणि तोडगा निघाला: यादीत माझं नाव शेवटी, पेन्सिलीने. पेन्सिलीने, ताई!

मग मी खुर्चीत बसून दीड तास जे पाहिलं ते तुझ्यासमोर ठेवतो, न्याय तूच कर. पहिल्यांदा बँकेतले एक कॅशिअर उठले आणि त्यांनी विजेच्या माइकमधून विजेच्या स्पीकरवर अकूस्टिक गाणं म्हटलं. सात कडवी. प्रत्येक कडव्यानंतर ते थांबायचे, आम्ही सुटलो म्हणून टाळ्या वाजवायचो आणि त्या प्रोत्साहन समजून ते पुढचं कडवं घ्यायचे. त्यानंतर एक मुलगी आली, तिने मोबाइल टेबलावर ठेवला, त्यातून अख्खा वाद्यवृंद वाजू लागला आणि ती त्यावर गायली. हे अकूस्टिक, कारण मोबाइल हे वाद्य नाही. मग एक शाळामास्तर गिटार घेऊन आले. त्या गिटारला भोक होतं. आणि भोकाच्या खाली, मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं, एक काळी वायर होती. ती वायर जमिनीवरून सरपटत थेट स्पीकरमध्ये गेली होती आणि मास्तरांनी तार छेडली की खिडकीची तावदानं थरथरत होती. मी उठून उभा राहिलो. डॉक्टरांना ती वायर दाखवली. त्यांनी मला भोक दाखवलं. यालाच चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात. भोक असेल तर वायर चालते, आणि भोक नसेल तर वायर नसलेलीसुद्धा चालत नाही. हे मी माणसांत बसलो होतो म्हणून गिळलं.

शेवटी माझी पाळी आली. डॉक्टरांनी मला बोलावताना 'एक वेगळा प्रयोग' असे शब्द वापरले आणि माइक माझ्यापासून हाताभर मागे सरकवला, म्हणजे तेवढी तरी शुद्धता राहावी. ठीक आहे, मी म्हटलं, माइक नसला तर नसला. खुर्ची पुढे ओढली आणि आपली धून सुरू केली.

ताई, कुणालाही काहीही ऐकू आलं नाही.

म्हणजे माझी बोटं चालत होती, मान हलत होती, पाऊल ताल धरत होतं, पण ऐकू येत होता तो कोपऱ्यातला थंड पेयांचा फ्रिज आणि डोक्यावरचा पंखा. मी वाजवायचं थांबवलं आणि (एकतीस वर्षांची सवय) सांगून टाकलं की पंख्याचं वरचं बेअरिंग गेलंय आणि फ्रिजचे पाय समतल नाहीत. लोक हसले. माझ्या लेखी हा विनोद नव्हता, रोगाचं निदान होतं. मी म्हटलं, इथे विजेला बंदी आहे ना? मग बंदी पाळा. पंखा बंद करा. फ्रिज बंद करा. तो स्पीकर उगाच सूं करतोय तो बंद करा. डॉक्टरांचा चेहरा सांगत होता की भूल न देता मला धरावं, पण मालकीणबाईंनी खरोखरच एकेक बटण बंद केलं. मग खोलीत शांतता पसरली आणि पाठोपाठ उकाडा. पहिल्या रांगेने कान टवकारले. मी पुन्हा सुरुवात केली. पहिल्या रांगेला थोडंसं काही तरी ऐकू आलं असावं, कारण त्यांच्या चेहऱ्यावर भिंतीआडच्या भांडणाकडे कान लावलेल्या माणसांचे भाव होते. पण तिसऱ्या रांगेत कुठल्याशा कचेरीतले एक निवृत्त हेडक्लार्क बसले होते. ते घाम पुसत मोठ्याने म्हणाले, "मूकाभिनय दुसऱ्या रविवारी असतो ना?"

सगळी खोली हसली. डॉक्टर सगळ्यात जास्त.

आता तुला खरं सांगतो. त्या क्षणी मला राग आला नाही. राग तर होताच, पण तो बाजूला राहिला आणि मला फक्त लाज वाटली. माझी बोटं बरोबर पडत होती, धून बरोबर होती, एक सूर चुकला नव्हता, आणि समोर चाळीस माणसं माझ्याकडे बघून हसत होती. मी तिथे आहे आणि नाहीही, असं वाटलं. खाली मान घालून गिटार उचलावी, घरी जावं आणि पुन्हा म्हणून लोकांत जाऊ नये, असंच मनात आलं. हे वाक्य आपण नुकतंच कुठे तरी वाचलं आहे, हे माझ्या ध्यानात आलं ते आत्ता, लिहिताना.

पण तुझ्या भावाच्या मागच्या खिशात स्क्रूड्रायव्हर होता. (रविवारीसुद्धा. लिफ्टला वार कळत नाही.) मी तो काढला तेव्हा पहिली रांग जरा मागे सरली. मी सरळ तिसऱ्या रांगेकडे बोट केलं आणि हेडक्लार्कांना पुढे बोलावलं. ते आले, कारण चाळीस माणसांसमोर नाही म्हणणं त्यांना जमेना. मी त्यांना शेजारी बसवलं, स्क्रूड्रायव्हरचं टोक गिटारच्या लाल लाकडावर ठेवायला सांगितलं, पिवळी मूठ कानाच्या हाडावर, आणि डोळे बंद. आणि वाजवलं.

ताई, तो चेहरा तू पाहायला हवा होतास. आधी ते दचकले. मग त्यांचं तोंड उघडं राहिलं. मग त्यांनी एक डोळा उघडून माझ्या बोटांकडे पाहिलं, खात्री पटवून घेतली आणि डोळा पुन्हा मिटला. धून संपली तरी उठेनात. मी खांद्याला हात लावला तेव्हा ते सगळ्या खोलीला उद्देशून म्हणाले, "अहो, हे तर माझ्या डोक्यात वाजतंय!"

हेच शब्द. तुझे. जमिनीवर बसून, बाबा जागे होतील म्हणून कुजबुजत म्हटलेले.

त्यानंतर जे झालं ते माझ्या हातात राहिलं नाही. कॅशिअर उठले. मोबाइलवाली मुलगी उठली. रांग लागली, दवाखान्यात लागते तशी, एकामागून एक. एकोणीस माणसं, मी मोजली. प्रत्येकासाठी मी तोच अर्धा भाग पुन्हा वाजवत होतो आणि प्रत्येक जण दचकत होता, तोंड उघडं टाकत होता आणि उठायला नाही म्हणत होता. मूठ दर वेळी मालकीणबाईंच्या रुमालाने पुसली जात होती. मास्तरांनी आपली भोकवाली गिटार भिंतीला टेकवून ठेवली आणि रांगेत दोनदा शिरले. आणि डॉक्टर काय करत होते? डॉक्टर घंटी वाजवत होते! 'सात मिनिटं झाली', 'सात मिनिटं झाली'. कॅशिअरांच्या सात कडव्यांना घंटी नव्हती. माझ्यासाठी ती टेबलाखालून काढण्यात आली.

रांग संपली तेव्हा डॉक्टर स्वतः आले. (माणूस अगदीच दगड नाही, हे मला नाइलाजाने लिहावं लागत आहे.) त्यांनी मूठ पुसली, पण कानाला लावली नाही. ती दातांत धरली, गच्च. म्हणाले, म्हणजे दातांतून मूठ काढल्यावर म्हणाले, की कानापेक्षा दातांतून जास्त स्वच्छ येतं, कारण दात जबड्यात आणि जबडा कवटीत, आवाज हाडातून थेट आत पोचतो. मी सहज विचारलं, आणि कान? तर रुमालाने मूठ पुसत ते म्हणाले, "बाहेरचा कान यात लागतच नाही. तो बंद असला तरी चालतो."

मी त्यांना पुन्हा विचारलं. त्यांनी पुन्हा तेच सांगितलं, जरा मोठ्याने, मला कमी ऐकू येतं अशा समजुतीने. मग मी गिटार उचलली आणि कुणाचा निरोप न घेता जिना उतरलो. मागे टाळ्या वाजत होत्या, त्या माझ्यासाठी की पंखा पुन्हा सुरू झाला म्हणून, हे मला माहीत नाही.

आता अन्यायाचा कळस. काल मी त्या दुकानावरून जात होतो. जिन्याच्या तोंडाशी नवा पुठ्ठा. तेच सुरेख अक्षर. 'फक्त अकूस्टिक. इलेक्ट्रिक वाद्ये आणू नयेत.' आणि त्याखाली ताजी ओळ: 'हत्यारे आणू नयेत.' हत्यार! ज्याने एकतीस वर्षांत एक लिफ्ट पडू दिली नाही, त्या स्क्रूड्रायव्हरला हत्यार म्हटलं! मी मालकीणबाईंना जाब विचारला, तर त्या म्हणाल्या की डॉक्टरांचा इलाज नव्हता, रांग संध्याकाळपर्यंत हलली नसती आणि बाकीच्यांनी गायचं कधी. हे कारण आहे का? मी निषेधाचं पत्र लिहिणार आहे. त्याचा मसुदा तयार आहे, अकरा मुद्दे आहेत, आणि शुद्धलेखन तू तपासावंस अशी इच्छा आहे.

कळावे. उत्तर पाठव. गुडघ्याला शेक दे. लोभ आहेच, तो मी चिडलेला असतानाही असतो याचा तुला पन्नास वर्षांचा अनुभव आहे.

तुझा अन्यायग्रस्त,
धाकटा

ता. क. तुझ्या पत्राचं उत्तर राहिलं. तू विचारलं होतंस, 'मग मी काय जन्मभर चिमटा टेकवून बसू?' हो, बस. मी बसलोच आहे. एकतीस वर्षं, रोज, लोकांच्या गच्च्यांवर, अनोळखी मोटरींना वीतभर काठी टेकवून मी ऐकत आलो, आणि मला कधी त्याची लाज वाटली नाही. जे कानाने ऐकू येत नाही ते टेकवून ऐकायचं असतं, त्यात काय एवढं? तुझ्याशी कुणी ओरडून बोलणार नाही. बोलायचं असेल ते मी कागदावर लिहीन, तुझी भावजय हातवारे करील (ते तिला उत्तम जमतात), आणि बाकीच्या वेळी तू त्या लाल लाकडाला डोकं टेकवून बस. खिडकीजवळची तुझी खाट झाडून ठेवली आहे. तू आली नाहीस तर मला करमत नाही. हे ओरडून सांगायचं होतं, लिहून सांगतो आहे.

ता. क. दुसरा. त्या दिवशी मी एकोणीस वेळा अर्धीच धून वाजवली, कारण दुसरा अर्धा मला आठवत नाही. तो तुझ्याकडे आहे. शिवाय गिटारचा सूर हल्ली मोबाइलवरून लावतो, तो बरोबर असतो पण खरा वाटत नाही. डायल टोनचा सूर तुझ्या डोक्यात अजून असेलच.

वन्संना सप्रेम नमस्कार. पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलं म्हणून वाचलं. रागावू नका, पण रांगेत एकोणीस माणसं नव्हती, सहा होती, आणि त्यांत दोनदा मास्तरच होते. श्रोतेही चाळीस नव्हते. शेवटची मी होते, ह्यांच्या मागून गुपचूप येऊन बसलेली. तोवर ह्यांनी डोळे मिटून घेतले होते, त्यामुळे ह्यांना कळलं नाही. अठ्ठावीस वर्षं हे कोपऱ्यात बसून ती धून वाजवताना मी पाहिलेत, पण ऐकली मी पहिल्यांदाच. तुम्ही आम्हाला हे कधी सांगितलं नाहीत. आता येऊन पुढचा अर्धा ऐकवा. आणि डॉक्टरांनी ह्यांना दाढ काढायला बुधवारी बोलावलंय, हेही ह्यांनी लिहिलेलं दिसत नाही. तुमची, भावजय.

ता. क. तिसरा. वरचा मजकूर मी आत्ता वाचला. सहा की एकोणीस यावर मला काही बोलायचं नाही. पत्राबरोबर जे लांबडं पार्सल आलं आहे, त्यात तो स्क्रूड्रायव्हर आहे. टोक घड्याळाला लाव, शिवणयंत्राला लाव, शेजारणीच्या भिंतीला लाव, आणि मूठ कानामागे, जिथे कानाच्या डॉक्टरांनी चिमटा टेकवला होता तिथेच. मात्र तो मला परत हवा आहे. त्या सात मजली लिफ्टला पुन्हा उचकी लागली आहे, आणि दुसरा कुठलाही स्क्रूड्रायव्हर माझ्या कानाला लागत नाही. पोस्टाने पाठवलास तर मी घेणार नाही, पोस्टमनला तसं सांगून ठेवलं आहे. घेऊन ये.